साठीनंतर शरीर चरबी जाळायला विसरतं का? आरे-वारेच्या चढावर पडलेला प्रश्न

सड्यावरचा | १२ ऑक्टोबर, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. आठवडाभर एकच प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतोय.

मी रत्नागिरीचा, वय ६१. पंचेचाळिशीपर्यंत सायकल नियमित चालवायचो. रविवारी पहाटे एक कप चहा घेऊन निघायचं, आरे-वारे रस्त्याने गणपतीपुळं गाठायचं, दर्शन घ्यायचं आणि घरी येऊन जेवायचं. जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर. वाटेत काही खाल्ल्याचं आठवत नाही. पुढे बदल्या सुरू झाल्या आणि सायकल माळ्यावर गेली. निवृत्त झाल्यावर, या मार्चपासून, पुन्हा काढली.

गेल्या रविवारी तसाच चहावर निघालो. जाताना मजेत गेलो. परतताना वारे सोडून चढाला लागलो आणि पाय गेले. दुखले नाहीत, गोळे आले नाहीत, नुसते रिकामे झाले. हाताची बोटं थरथरायला लागली, ब्रेक धरवेना, उगाचच रडू येईल असं वाटायला लागलं. सायकल कठड्याला टेकवून खाली बसलो. तिथल्या शहाळीवाल्या मावशींनी बघितलं, काही विचारलं नाही, डब्यातला गुळाचा खडा काढून हातावर ठेवला आणि तांब्याभर पाणी दिलं. दहा-पंधरा मिनिटांत पाय परत आले. सावकाश, पण आपल्या पायांनी घरी पोचलो.

आता प्रश्न. माझ्या पोटावर पाच-सात किलो चरबी सहज आहे. शरीराला इंधन हवं होतं तर ते तिथेच होतं. मग गुळाच्या खड्यासाठी ते अडून का बसलं? वय झालं की चरबी जाळायची ताकद जाते का? आणि गेली तर परत येते का?

कोकमआगळ | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

काका, आधी सांगा, रक्तातली साखर तपासली आहे का? मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत का?

सड्यावरचा | १२ ऑक्टोबर, रात्री ९.५२

तपासली आहे. तीन महिन्यांची सरासरी व्यवस्थित आहे. गोळी कुठलीच नाही. सायकल सुरू करण्याआधी ट्रेडमिलवरची हृदयाची चाचणीही करून घेतली होती.

वाशिष्ठीकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री ११.०५

सड्यावरचा, प्रश्न फार चांगला मांडलात. मी चिपळूणला राहते आणि हाच विषय शिकवते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

शरीर एका वेळी एकच इंधन कधी जाळत नाही. चरबी आणि साखर दोन्ही एकदम जळत असतात, बदलतं ते प्रमाण. हे प्रमाण श्वासातून मोजता येतं. बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले आत घेतलेला ऑक्सिजन. निव्वळ चरबी जळत असेल तर उत्तर ०.७ च्या आसपास येतं, निव्वळ साखर जळत असेल तर १. सपाटीवर आरामात चालताना आकडा खाली असतो. चढ लागला, धाप लागली की तो १ कडे सरकतो. जिथे साखरेचा वाटा चरबीपेक्षा जास्त होतो त्याला ब्रूक्स आणि मर्सिए यांनी १९९४ मध्ये 'क्रॉसओव्हर' म्हटलं.

आता साठा बघा. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर असते, यकृतात फार तर १०० ग्रॅम. सगळं मिळून सुमारे २००० कॅलरी. चरबीच्या एका किलोत याच्या तिप्पट-चौपट ऊर्जा असते. पण चरबी हळू येते. साठ्यातून सुटायची, रक्तातून स्नायूपर्यंत जायची, पेशीत शिरायची, मग मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतल्या भट्ट्या, त्यांत जायची, तेव्हा कुठे जळायची. बेताचा सराव असलेला माणूस मिनिटाला जेमतेम अर्धा ग्रॅम चरबी जाळू शकतो, म्हणजे ४-५ कॅलरी. चढावर याच्या दुप्पट लागतात. उरलेलं साखरेतूनच भागवावं लागतं. विहीर तुडुंब आहे, पण रहाटाला एकच लहान पोहरा बांधलाय, असं समजा.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली असावी. रात्रभर पोट रिकामं असताना मेंदूला साखर पुरवत बसतं ते यकृत. मेंदू तासाला ५ ग्रॅमच्या आसपास साखर खातो. पहाटेपर्यंत यकृताचा डबा बराच खाली गेलेला असतो आणि त्यावर तुम्ही दोन-तीन तास सायकल मारलीत. थरथर आणि रडू येणं ही रक्तातली साखर उतरल्याची खूण आहे. गुळाच्या खड्याने स्नायूंचा साठा दहा मिनिटांत भरत नाही, तो भरायला अख्खा दिवस लागतो. मावशींचा गूळ आधी रक्तात गेला आणि मेंदू सावरला. म्हणून पाय परत आले.

वयाबद्दल उद्या लिहिते. उशीर झालाय.

रापणकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

माझो आजो ऐंशी वर्सांचो होतो तरी रापणीचा जाळा ओढी. मालवणच्या किनाऱ्यार पहाटे चारपासून. पोटात काय, तर रातची पेज आणि भाजलेलो सुको बांगडो. तेका कधी घेरी इल्ली मी बघूक नाय. तेची चरबी जळत होती मां? मगे तेका वय लागू नाय होता काय?

कोकमआगळ | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.३४

रापणकर, वा! आजोबांना नमस्कार. पेज म्हटल्यावर उकड्या तांदळाचा वासच आला.

वाशिष्ठीकाठ | १३ ऑक्टोबर, दुपारी २.२०

रापणकर, तुमच्या आजोबांतच निम्मं उत्तर आहे. त्याकडे येतेच.

वय वाढतं तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली: कमाल दम कमी होतो. जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरता येतो, तो आकडा. बैठं आयुष्य असेल तर तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण १० टक्के घट. जोरकस सराव चालू ठेवणाऱ्यांत ती निम्म्यावर येते. आता समजा, पंचेचाळिशीत आरे-वारेचा चढ तुमच्या कमाल दमाच्या ६५ टक्क्यांत व्हायचा. आज तोच चढ, तोच वेग ८० टक्के मागतो. रस्ता तोच राहिला, तुमच्यासाठी तो जड झाला. आणि जड काम म्हटलं की शरीर साखरेकडे वळणारच, मग वय २० असो की ६०.

दुसरी: १९९६ मध्ये अमेरिकेत एक नीटस अभ्यास झाला. वयस्क आणि तरुण माणसांना आधी सारख्याच कामाला लावलं, मग आपापल्या दमाच्या सारख्या टक्क्यांवर. दोन्ही वेळा वयस्कांनी चरबी कमी जाळली, आणि सारख्या कामाला साखर जास्त जाळली. पण त्यांच्या रक्तात चरबी कमी पडली नव्हती, गरजेपेक्षा जास्तच आली होती. अडचण होती स्नायूच्या दारात. मायटोकाँड्रियाची क्षमता घटलेली, म्हणून आलेली चरबी जाळली जात नव्हती.

त्याच गटाने १९९८ मध्ये पुढचा भाग छापला. वयस्कांना १६ आठवडे दमाचा सराव दिला. त्याच कामाला चरबीचा वाटा वाढला. चरबी सुटण्याचं प्रमाण बदललं नाही, जाळण्याचं बदललं.

म्हणजे सड्यावरचा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बरीचशी परत येते.

रापणकर, तुमच्या आजोबांनी पन्नास-साठ वर्षं रोज दोन-तीन तास दोर ओढला. संथ, एका लयीत, न थांबता. त्यांच्या स्नायूंना विसरायची सवडच मिळाली नाही.

सावित्रीखोरे | १३ ऑक्टोबर, रात्री ८.४५

मी महाडचा, वय ५२. माझा अनुभव वेगळा आहे. दीड वर्षापूर्वी भात, पोळी, साखर बंद केली. पहिले तीन आठवडे हाल झाले, नंतर सरळ. आता ६० किलोमीटर नुसत्या पाण्यावर करतो. शरीराला चरबी जाळायला भाग पाडलं की ते शिकतं. सोळा आठवडे कशाला थांबायचं?

वाशिष्ठीकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री ९.३०

सावित्रीखोरे, तुमची चरबी जास्त जळत असणार, यात वाद नाही. आहार बदलला की ते प्रमाण झपाट्याने वाढतं. माझा मुद्दा ऑक्सिजनचा आहे. एक लिटर ऑक्सिजन वापरून साखरेतून साधारण ५ कॅलरी मिळतात, चरबीतून ४.७. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर हा प्रयोग केला, २०१७ मध्ये छापला. साखर जवळपास बंद केलेल्यांची चरबी भरपूर जळली, पण त्याच वेगाला त्यांना ऑक्सिजन जास्त लागला आणि शर्यतीतली वेळ सुधारली नाही. इतरांची सुधारली.

सपाटीवर आरामात जाणाऱ्याला हे जाणवणार नाही. साठीतल्या माणसाचा दम आधीच कमी झालेला असतो, त्याने चढावर महागडं इंधन का वापरावं?

सावित्रीखोरे | १३ ऑक्टोबर, रात्री ९.५०

चढावर मी मागे पडतो हे खरं आहे. पण माझं वजन ११ किलोंनी उतरलंय, गुडघे बरे आहेत. मला त्याचं मोल जास्त आहे.

वाशिष्ठीकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री १०.०२

ते मोल आहेच. ११ किलो म्हणजे चढावर काढून ठेवलेलं पोतं.

वरसोलीची_वाळू | १४ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

अलिबागहून. वय ५४. हा धागा बायकांच्या बाजूनेही बोलावा म्हणून लिहितेय.

सारख्याच टक्क्यावर व्यायाम करताना बायका पुरुषांपेक्षा चरबी थोडी जास्त वापरतात, त्यात इस्ट्रोजेनचा वाटा आहे, असं मी वाचलंय. मग पाळी थांबल्यावर काय? माझी तीन वर्षांपूर्वी थांबली. त्या वर्षभरात, किनाऱ्यावर ओल्या वाळूतून जे ८ किलोमीटर मी गप्पा मारत पळायचे, तेच धापा टाकत व्हायला लागले. कंबरेचं माप वाढलं. घरच्यांनी सांगितलं, आता वय झालं, चाल नुसती. मी दोन महिने ऐकलं आणि आणखी ढेपाळले.

मग उलट केलं. आठवड्यात तीन दिवस हळू पळणं, इतकं हळू की शेजारून चालणाऱ्या बायका पुढे जायच्या. चौथ्या दिवशी वजनं उचलणं, पायांची आणि पाठीची. सहाव्या महिन्यात ८ किलोमीटर पुन्हा गप्पा मारत झाले. इस्ट्रोजेन परत आलेलं नाही, पण दम आला. 'वय झालं' हे वाक्य बायकांना दहा वर्षं आधीच ऐकवतात, त्याचा मला मनापासून राग येतो.

कोकमआगळ | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.००

+१०० ताई.

तळकोकणी | १४ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

एक सावधगिरीची गोष्ट. मी कुडाळचा, वय ६३, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतो. गेल्या वर्षी सकाळची गोळी घेऊन न्याहारीआधी दीड तास चालायला गेलो. घराच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा फाटकाची कडी दिसत होती, पण ती उघडायची कशी हे सुचेना. बायकोने साखर मोजली, ५८. साखर-पाणी दिलं, अर्ध्या तासाने नीट बोलायला लागलो.

स्नायू हलले की ते इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. त्यात ही गोळी इन्सुलिन वाढवते. दोन्ही एकदम झालं की साखर धाडकन खाली. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी तर जास्त जपावं, कारण त्यात धडधड आणि थरथर झाकली जाते, कळायला उशीर होतो. उपाशी पोटी चरबी जाळायचे प्रयोग आमच्यासारख्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. गोळीची वेळ बदलून घेतली, आता खिशात चार गोळ्या लिमलेटच्या असतातच.

सड्यावरचा | १४ ऑक्टोबर, रात्री ९.००

तळकोकणी, थोडक्यात वाचलात. हा अनुभव लिहिलात ते फार बरं केलंत.

वाशिष्ठीकाठ ताई, सराव नक्की कसा करू? आणि खायचं काय? बाजारातली ती जेलची पाकिटं घशाखाली उतरत नाहीत.

रापणकर | १४ ऑक्टोबर, रात्री ९.२२

पेज! आणखी काय? जावच्या आधी तासभर वाडगोभर पेज, मीठ घालून. पाणी पण पोटात जाता, भात पण.

वरसोलीची_वाळू | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

पेजेला माझं मत. नाचणीची आंबील मला आवडते, पण पळण्याआधी ती पोटात बसून राहते. ती आल्यावर घेते.

कोकमआगळ | १४ ऑक्टोबर, रात्री ९.५५

अवांतर: वाटेत खायला आंबापोळी आणि फणसपोळी. सुरळी करून बनियनच्या खिशात ठेवायची. आणि बाटलीत कोकम सरबत, मीठ थोडं चढं. आमच्याकडे ऑक्टोबरात घाम अंगावरून वाळतच नाही, नुसता गळतो. अंग गार होत नाही ते त्यामुळे.

वाशिष्ठीकाठ | १५ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

खाण्याचं तुम्ही सगळ्यांनी सांगितलंच आहे. आकडा एवढाच लक्षात ठेवा: दीड-दोन तासांच्या वर जायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर किंवा पिष्ट. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं. आंबापोळी तर जवळपास साखरच आहे, तिचे लहान तुकडे करून घ्या. हात थरथरायची वाट बघू नका, पहिल्या पाऊण तासातच सुरुवात करा.

सरावाचं. १९६७ मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंमधली मायटोकाँड्रियाची क्षमता दुपटीच्या घरात गेली. या विषयातलं आजचं बरंचसं काम त्या प्रयोगावर उभं आहे. वयस्क माणसांतही दिशा तीच. त्यासाठी:

आठवड्यात तीन-चार दिवस, ४५ मिनिटांपासून सुरुवात, पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग. बहुतेक लोक इथेच चुकतात, हळू जायला त्यांना लाज वाटते. पण चरबी सर्वांत जास्त जळते ती याच वेगाच्या आसपास. दर आठवड्याला एक फेरी थोडी लांबवा. महिन्याभराने एक दिवस चढावर तीन-चार मिनिटांचे चार जोराचे तुकडे, मध्ये भरपूर विश्रांती. जोराच्या वेळी चरबी कमी जळते, तरी मायटोकाँड्रिया त्यानेही वाढतात. शिवाय वरसोलीच्या ताई म्हणतात तसं वजनांचं काम. वयाबरोबर स्नायूच कमी होतात, इंधन जाळायची जागाच आकसते.

सुरुवातीचा आकडा लिहून ठेवा. ठरलेला सपाट तुकडा, ठरलेला वेग, तेव्हाचे हृदयाचे ठोके.

सड्यावरचा | १५ फेब्रुवारी, रात्री ८.३०

धागा वर काढतोय. सोळा आठवडे परवा पूर्ण झाले.

नियम पाळला. पहिला महिना फार जड गेला, पायांना नव्हे, मनाला. शाळेची पोरं दप्तर पाठीवर घेऊन मला मागे टाकायची आणि 'आजोबा, ढकलू का?' विचारायची. तरी वेग वाढवला नाही.

भाट्याच्या बाजूला एक सपाट तुकडा धरला होता. ताशी १८ च्या वेगाला ऑक्टोबरात ठोके १३८, आता १२६. परवा पेज पिऊन, दोन केळी आणि आंबापोळी घेऊन गणपतीपुळं केलं. वारेचा चढ बसून, न थांबता. घरी आल्यावर अंगणात पाणी घातलं, म्हणजे बघा.

सावित्रीखोरे | १५ फेब्रुवारी, रात्री ९.०५

मनापासून अभिनंदन! पण एक शंका, राग मानू नका. ऑक्टोबरचा उकाडा आणि फेब्रुवारीचा गारवा यांची तुलना कशी करायची? उकाड्यात ठोके वाढतातच. आणि तेव्हा तुम्ही उपाशी होतात, आता खाऊन गेलात. सरावाने किती झालं, पेजेने किती आणि हवेने किती?

वाशिष्ठीकाठ | १५ फेब्रुवारी, रात्री ९.४०

शंका अगदी रास्त आहे. उकाड्यात कातडीकडे रक्त पाठवावं लागतं म्हणून ठोके चढतात आणि स्नायूंतलं ग्लायकोजेनही जास्त खर्च होतं. श्वासाची चाचणी केली नसल्याने चरबीचा वाटा नेमका किती वाढला, हे आपल्याला सांगता येणार नाही. सड्यावरचा, तोच तुकडा मे महिन्यात करून बघाल? ऑक्टोबरइतक्याच घामात.

सड्यावरचा | १६ फेब्रुवारी, सकाळी ७.००

करतो. मे म्हणजे आंबा, सकाळी पेट्या भरायच्या असतात, पण एक दिवस काढतो.

सड्यावरचा | १८ मे, दुपारी १.१५

काढला. पहाटे साडेपाचलाच मानेवर घाम होता, वारा पडलेला. तोच तुकडा, ताशी १८, ठोके १३०. दोनदा केला, दुसऱ्यांदा १३१.

सावित्रीखोरे | १८ मे, दुपारी २.००

मग मान्य. १३८ चे १३० तुमचे, उरलेले चार फेब्रुवारीच्या गारव्याचे. तुमच्या वयाला २०८ वजा वयाच्या ०.७ पट या सूत्राने कमाल ठोके १६५ च्या आसपास येतात, म्हणजे ८४ टक्क्यांवरून ७९. मीही चढाच्या दिवशी थोडा भात सुरू केलाय. आधी सांगितलं नव्हतं.

रापणकर | १८ मे, दुपारी २.२५

उकडो तांदूळ धाडू काय?

सड्यावरचा | ९ जून, संध्याकाळी ६.४०

पाऊस लागला. आरे-वारेच्या उतारावर शेवाळ धरेल, सायकल घालायची हिंमत नाही. चार महिने बंद ठेवलं तर कमावलेलं टिकेल का?

वाशिष्ठीकाठ | ९ जून, रात्री ८.१०

नाही टिकणार. सराव थांबला की मायटोकाँड्रियाची क्षमता काही आठवड्यांतच उतरायला लागते, दसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होईल. मागचं चाक उचलून धरणारा स्टँड मिळतो, तो घ्या आणि आठवड्यात तीन दिवस तरी पाय चालू ठेवा. सायकल तेवढी माळ्यावर टाकू नका.

सड्यावरचा | ११ जून, रात्री ९.००

स्टँड आणला. पडवीत लावलाय, पागोळ्यांच्या आत हातभर. उद्या सकाळी सहाला, ४५ मिनिटं.